सुईने न निघणारा काटा

धुरपदाबाई : हालू नको रे चंदन! लहान लेकरं बी इतकं नखरं करत नाहीत. सूनबाई, तो मोबाइलचा उजेड नीट धर.

रंजिता : आई, हात जोडते, सुई ठेवा. परत तुटला बघा. हा आपल्या बाभळीचा काटा नाहीये.

धुरपदाबाई : काटा तो काटा. अख्ख्या बहादरपूरचे काटे काढले म्या.

चंदन : काढू दे ना यार, रंजिता. सकाळी केळीची गाडी भरायची आहे, मजूर सांगून ठेवलेत. लंगडत कसा जाऊ मळ्यात?

रंजिता : तुम्हाला शुगर आहे! अंदमानचे डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले ना, कुरतडायचं नाही म्हणून? व्हिनेगर, आपला सिरका, टाकून गरम पाण्यात पाय ठेवा, घरी गेल्यावर लगेच दाखवा. कालपासून बुधवाऱ्यातल्या दवाखान्यात चला म्हणते, तर टाइमच नाही तुमच्याकडे.

धुरपदाबाई : शुगर आहे म्हणूनच तं काढते! आत राहिला तं पाय सडते. अन् समुद्रावर काय काम व्हतं तुमचं? आपली तापी आटली व्हती का?

रंजिता : लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुठे गेलो, आई. तिथंही हे गुडघाभर पाण्यात उभे राहून फोनवर केळीचा भाव विचारत होते. नाववाला ओरडतोय, "भैया, चप्पल पहनो, नीचे सी अर्चिन है!" ऐकतंय कोण!

चंदन : मला काय माहीत, तो माझ्यावर डूख धरून बसलाय?

रंजिता : डूख? त्याला डोळेसुद्धा नाहीत! काटेरी चेंडूसारखा जीव तो, खडकावर बसून शेवाळ खरवडून खातो बिचारा. तोंड खालच्या अंगाला, त्यात पाच दात. बस, एवढाच त्याचा संसार.

धुरपदाबाई : मंग काटे काहाले त्याले? साळिंदरासारखे?

रंजिता : तसेच. खेकडे, मासे टपलेले असतात ना त्याच्यावर. एक मासा तर पाण्याची फुंकर मारून त्याला उलथा करतो आणि पोटाकडून खातो, तिकडचे काटे आखूड म्हणून. त्याला झटकन पळताही येत नाही. डोळे नसले तरी कातडीला उजेड-अंधार कळतो, सावली पडली की लांब काटे तिकडे वळवतो, एवढंच त्याच्या हातात.

धुरपदाबाई : म्हणजे तो मागं लागून नाही टोचला. तूच पाय ठेवला त्याच्यावर, चंदन.

चंदन : माय, तू कोणाकडून आहेस?

रंजिता : आणि काटा चुन्यासारखा ठिसूळ असतो, आई. टोकरला की मोडतो, तुकडे आणखी आत जातात. तुम्ही काढत नाही आहात, आत ढकलताय! कितीदा सांगू? कंटाळले मी. तिथं यांनी ऐकलं नाही, इथं तुम्ही ऐकत नाही. मी काय हवेत बोलते का?

(धुरपदाबाई सुई पायापासून दूर घेतात, पण हातातच धरून ठेवतात.)

धुरपदाबाई : ह्याच्या बापाले बी काटाच लागला व्हता. बाभळीचा. ते म्हणे, राहू दे, निघते आपोआप. शुगर आहे हे माहीतच नव्हतं आम्हाले. आधी अंगठा कापला, मंग गुडघ्यापासून पाय. मंग ते बी गेले. सुई खाली ठेववतच नाही मले.

रंजिता : आई... पायाचं माहीत होतं मला. काट्याचं कोणी बोललंच नाही.

चंदन : बरं, जातो उद्या दवाखान्यात. गाडी भरली की लगेच.

धुरपदाबाई : गाडी म्या भरून घेते. तू उठल्याबरोबर बुधवाऱ्यात जाय, हिच्यासंगं. सूनबाई, पाणी किती गरम लागते?

रंजिता : सोसेल इतकंच. पण यांना चटका लवकर कळायचा नाही, शुगरमुळे. आधी आपण हात घालून बघायला पाहिजे.

धुरपदाबाई : आण बादली. हात म्या घालते. त्या टायमाले घरात सांगणारं कोणी नव्हतं.