हाळी

(१९८७. नागपूरजवळ, हुडकेश्वर. विहिरी खोदणारा धोंडबा आणि परदेशी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी असलेला त्याचा मुलगा सुखदेव.)

सुखदेव : सत्कार नको बाबा. गावच्या लोकायले आताच सांगा.

धोंडबा : काहून गा? पेपरात नाव आलं तुह्यं. लढाईतल्या समुद्रात सुरुंग फुटून राहिले अन् आपला पोरगा सुखरूप आला. चौकात मांडव पडला.

सुखदेव : ते सुरुंग आमच्याच जहाजात होते.

धोंडबा : काय बोलतं?

सुखदेव : वरून खजुराची पोती, खाली ते. ढोलाएवढे. चार माणसं नवीन चढली होती. दिवे बंद करून मागच्या अंगानं पाण्यात सोडत. मी पुसलं, तर म्हणे, खराब माल फेकून राहिलो. मले खरंच वाटलं.

धोंडबा : मग कवा समजलं?

सुखदेव : मच्छीमारांची एक नाव मागून येत होती. पोरं हात हालवून राहिली होती. मीबी हालवला. अन् नाव उडाली, बाबा. एकदम.

धोंडबा : मग तू काय केलं?

सुखदेव : त्या चौघायले जेवाले वाढलं. मीठ बरोबर हाये का, म्हणून पुसलं.

धोंडबा : मीठ पुसलं तू.

सुखदेव : शिव्या तरी द्या.

धोंडबा : उभी जिंदगी विहिरीत सुरुंग लावले मी. हाळी दिल्याबिगर वात नाही पेटवली. कोणाची बकरी फिरत असली तरी थांबलो. अन् तुह्यासाठी गावभर पेढे वाटत फिरलो. मान वर कराची लाज वाटून राहिली मले.

सुखदेव : मले तर जेवणच जात नाही.

धोंडबा : पाण्यात अजून हायेत?

सुखदेव : बहुत. दीपस्तंभाच्या डाव्या अंगाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे.

धोंडबा : कोणाले सांगितलं?

सुखदेव : कोणालेच नाही. मलेच धरतीन ना. लतिकाचं लग्न ठरलं हाये, बाबा. बहिणीची सोयरीक मोडन.

धोंडबा : तिच्या सासऱ्याले मी सांगतो. तू चप्पल घाल. ठाण्यात जाऊ.

सुखदेव : आता हाळी देऊन काय फायदा? गेले ते गेले.

धोंडबा : एखादी नाव अजून घरून निघाली नसन, गा.