आपण उत्तरेला, पण कोणाच्या?

टॅम्सिन : डॅड, आपण नक्की कोणाच्या उत्तरेला आहोत?

(नॉर्टन गावातलं स्वयंपाकघर, शुक्रवारची संध्याकाळ. पंधरा वर्षांची टॅम्सिन, तिचे डॅड इयन, मम ब्रिजेट.)

डॅड : चहात दूध तरी घालू दे. हे काय नवीन?

टॅम्सिन : वर्गातल्या पॉपी आणि जेसने पैज लावलीय. म्हणे, हे डॅडला विचारायची तुझी छाती नाही. भूगोलाच्या बाईंनी आज सांगितलं, नॉर्टन म्हणजे जुन्या भाषेत उत्तरेची वाडी. इंग्लंडभर ढिगाने नॉर्टन आहेत!

डॅड : असतील. आपलं एक.

टॅम्सिन : आता बघ हं, स्वतःच्या घराला कोणी 'उत्तरेचं घर' म्हणतं का? आपण नुसतं घर म्हणतो. उत्तरेचं कोण म्हणणार? दक्षिणेला राहणारा शेजारी! म्हणजे आपलं नाव ठेवलं...

मम : टॅम्स, बटाटे सोल.

टॅम्सिन : ...सटनवाल्यांनी! सटन म्हणजे दक्षिणेची वाडी. घ्या, काढलं या घरात सटनचं नाव. छप्पर पडलं का?

डॅड : मधल्या एखाद्या मोठ्या गावाने दोघांचीही ठेवली असतील.

टॅम्सिन : मधे आहे काय? एक ओढा आणि ब्रॅडशॉबाईंची मेंढरं.

डॅड : मेंढरांनाही सटनच्या लोकांपेक्षा जास्त अक्कल आहे.

टॅम्सिन : तेच सटनचे लोक रविवारी सुगीच्या प्रार्थनेला त्यांच्या चर्चच्या सहा घंटा पाच जणांत वाजवणार आहेत. तिसरीचा दोर ओढणाऱ्या डोरीनबाईंचा खांदा गेला. तिसरी घंटा गप्प! वारा इकडचा असला की ऐकू येतं, मधला दात पडलेल्या माणसाने शीळ घालावी तसं. सहावं माणूस मिळालं नाही तर पाद्रीबाई यापुढे घंटांची टेप लावणार. टेप, डॅड!

डॅड : क्लाइवने तुला विचारलंय वाटतं.

टॅम्सिन : विचारलंय. मला येतं, या रविवारी आपल्याकडे प्रार्थना नाही, आणि तो माझा सख्खा मामा आहे.

डॅड : दोर धरायला तुला मी शिकवलं. तुझ्या मामाच्या मनोऱ्यासाठी नाही.

टॅम्सिन : एकोणीस वर्षं झाली त्या घंटांच्या स्पर्धेला!

डॅड : आम्ही जन्मात इतकं चोख वाजवलं नव्हतं. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. आणि पंच कुठे? सत्तर मैलांवरच्या भलत्याच नॉर्टनच्या चर्चमागे, मोटारीत बसून कान टवकारताहेत! का? तर पंचांना पत्र पाठवायचं काम सटनकडे होतं आणि तुझ्या मामाने कुठे यायचं ते लिहिलं, नुसतं 'नॉर्टन'. ना जिल्हा, ना काही. आणि त्या वर्षीचा चषक कोणाला? सटनला. मुद्दाम केलं त्याने.

मम : मुद्दाम नव्हतं, इयन.

डॅड : तू भावाचीच बाजू घेणार.

मम : भावाची नाही, माझी घेतेय. क्लाइवचं अक्षर कोंबडीचे पाय. ते पत्र मी लिहिलं होतं.

टॅम्सिन : मम!

मम : सटनला आमच्या घराच्या खिडकीतून समोर तुमचा मनोरा दिसायचा. लहानपणापासून नॉर्टन म्हणजे तेवढंच. लिहिताना डोक्यातच आलं नाही गं, की आणखी कुठे नॉर्टन असेल. आणि त्या दिवसांत तर नॉर्टन म्हणजे... हा बसलाय समोर, तो.

डॅड : ब्रिज, एकोणीस वर्षं...

मम : आपलं लग्न तीन आठवड्यांवर होतं. क्लाइव म्हणाला, त्याला मेहुण्यावर रागवू दे, बायकोवर नको. मला वाटलं, नाताळपर्यंत निवळशील. तू कसला निवळतोस!

डॅड : मी त्याला लग्नात केकसुद्धा दिला नाही.

मम : मी दिला. दोन तुकडे.

टॅम्सिन : डॅड, तू हसतोयस की रडतोयस?

डॅड : गप्प बस. चहा गरम आहे.

मम : चहा केव्हाच गार झालाय, इयन. दे, दुसरा करते.

टॅम्सिन : बरं, दोघांनी ऐका. तुम्ही एकमेकांकडे बघत बसला होतात ना, तेवढ्यात मी मामाला मेसेज करून कळवलं. रविवारी साडेनऊला सटनची तिसरी घंटा मी ओढणार. त्याने विचारलं, डॅडला माहीत आहे का? मी लिहिलं, हे काय, सांगतेच आहे.