टॅपेटच्या झाकणावरची खडूची रेघ

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे वस्ताद, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि समोर जमलेले माझे गॅरेजमधले सोबती,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'जुन्या गाडीचा दोन दिवस न सापडलेला बिघाड शोधणारे' अशी करून दिली. त्यात दोन चुका आहेत. दिवस तीन होते, आणि बिघाड मी शोधला नव्हता. पहिली चूक किरकोळ आहे, पण मोजमापात ढिलाई मला खपत नाही, हे तुम्ही जाणताच. दुसरीसाठी आपला थोडा वेळ घेतो.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. पुस्तकं वाचली, इंजिनं उघडली, जोडली. वस्तादांनी फक्त शेजारी उभं राहू दिलं. आता वाटतं, शिकवणं म्हणतात ते आणखी काय असतं?

आमच्या गॅरेजात एक रीत होती. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, लावायचे ते वस्तादांनीच. बारा थाऊची फट, म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाची जाडी. फटीत पोलादी पट्टी घालायची, ती जराशी अडेपर्यंत स्क्रू आवळायचा. ते अडणं डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. मग वस्ताद झाकण बसवून त्यावर खडूची रेघ मारायचे. रेघ पडली की ते झाकण कुणी उघडायचं नाही. एकवीस वर्षांत कुणी उघडलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंची गाडी आली. त्यांच्या वडिलांची, माझ्याहून वयाने मोठी. व्हॉल्व्ह घासले, हेड चढवलं, वस्तादांनी टॅपेट लावले, रेघ मारली. सोमवारी दुपारी स्टार्टर मारला. इंजिन गरगर फिरलं, पण सुरू होईना.

वस्ताद कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "फार हलकं फिरतंय रे. दाब धरत नाही."

मी म्हटलं, "बॅटरी नवी आहे वस्ताद, म्हणून."

"झाकण उघडून बघ की एकदा."

"तुमची रेघ आहे वर. मी कशाला हात लावू?"

ते हात पुसत बाजूला झाले. मला वाटलं, मी केवढा मान राखला.

मग तीन दिवस मी प्लग तपासले, करंट तपासला, कार्बोरेटर दोनदा धुतला, डिस्ट्रिब्युटर काढून पुन्हा बसवला. आमचे वेल्डर म्हणाले, "आता गाडीची दृष्ट तेवढी काढायची राहिलीय." बुधवारी प्रेशरचं मीटर लावलं. चारही सिलिंडरांत काटा जेमतेम हलला. डॉक्टरबाई उभ्या होत्या, सगळं गॅरेज जमलं होतं. मी रेघ पुसली, झाकण उघडलं. आठही टॅपेट इतके आवळलेले की व्हॉल्व्ह बंदच होत नव्हते. दाब धरणार कसा?

आणि मी, ज्याला नेमका शब्द वापरायची हौस, मोठ्याने म्हणालो, "बाई, इंजिन ठणठणीत आहे. टॅपेट तेवढे आंधळ्याने लावलेत."

कुणीतरी हसलं. वस्तादांनी पट्टी पुसून माझ्या हातात दिली. "लाव तू," एवढंच म्हणाले. मी लावले. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या. वस्तादांनीही वाजवल्या, तळव्यांनी. बोटं मिटत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि पुन्हा कामाला आले नाहीत.

वहिनींनी मला नंतर सांगितलं. "वर्ष झालं भाऊजी, बोटांना काही कळतच नाही त्यांच्या. शर्टाची बटणं मी लावते. म्हणायचे, आमचा पठ्ठ्या बघेल मागाहून, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही."

ते मला झाकण उघड म्हणाले होते, सभाजनहो. सोमवारी, आम्ही दोघंच असताना. स्वतःची चूक गुपचूप माझ्या हवाली करत होते. ती मी घेतली नाही, आणि बुधवारी चारचौघांत त्यांच्या अंगावर टाकली. बोटं गेली होती, कान शाबूत होते. बिघाड त्या कानांनी पहिल्या मिनिटाला शोधला. उशीर लागला तो मला.

वस्ताद, हे मी घरी येऊन सांगू शकलो असतो. दोनदा दारापर्यंत आलोही. पण जे चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. आज इथे डॉक्टरबाई बसल्या आहेत, त्या दिवशी हसलेलेही बसले आहेत. सगळ्यांनी ऐकावं: आंधळा मी होतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. भाषणात शब्द कमी-जास्त झाला असेल तर तो सभागृहाने सांभाळून घ्यावा. त्या बुधवारच्या शब्दाचं काय करायचं, ते मात्र एकट्या वस्तादांनी ठरवावं. ठरवायला लागेल तेवढा वेळ घ्यावा. मी थांबेन.