जाड तार

ग्यानबा: नीलू, कॉम्प्युटरवरचा तो आकडा लाल काहून झाला?

नीलिमा: काही नाही बाबा. एकशे आठ डिग्री आहे. चालते.

ग्यानबा: काल तं तू म्हने, शंभरच्या वर गेलं का मशीन सोताच हळू होते. आज एकशे आठवर गेलं, तरी पळूनच राह्यलं.

नीलिमा: ती हद्द मी वाढवली. एकशे पंधरा केली.

ग्यानबा: कोनं सांगतलं वाढवाले?

नीलिमा: कोणंच नाही. सेटिंगमध्ये करता येते. शंभरवर ठेवलं का प्रोसेसर घडी घडी हळू होते. पाच पॉइंट सातचा स्पीड टिकतच नाही. तुमी झोपा ना जरा. चार वाजता कंपनीतल्या राखी मॅडमचा फोन आहे, तोवर मले पाहू द्या.

ग्यानबा: झोपू कसा? घरातला कूलर तुह्या डब्याकडं फिरवला. डब्यात पान्याची नळी, डब्याले तीन पंखे, आन वरून कूलर. बाप इथं पेपरानं वारा घेऊन राह्यला.

नीलिमा: मे महिना आहे, मी काय करू? जानेवारीत हेच मशीन, हाच स्पीड, ब्याऐंशीच्या वर आकडा जात नव्हता. तेव्हाच मी मॅडमले सांगतलं का घरून काम होते. आन त्याहीनं परीक्षा ठेवली मे महिन्यात.

ग्यानबा: परीक्षा परीक्षा आठ दिवसांपासून ऐकून राह्यलो. नेमकं करा लागते काय?

नीलिमा: ॲनिमेशनचा सीन आहे, पुराचा. दोनशे चाळीस चित्रं. या मशीननं एक एक करून ते तयार करायचे. एका तासात सगळे, मधात कुठंच बंद न पडता. मॅडम हैदराबादेत बसून माही स्क्रीन पाहतीन. तासात झालं तं मले इथूनच, केनवडमधून काम. नाही झालं तं एक तारखेपासून तिकडच्या ऑफिसात.

ग्यानबा: आन तुह्या मशीनले किती लागते?

नीलिमा: अठ्ठावन्न मिनिटं. सकाळी पूर्ण करून पाह्यलं.

ग्यानबा: मंग पास झाली तू.

नीलिमा: हो.

ग्यानबा: मंग तोंड असं काहून करून बसली?

नीलिमा: त्याच्या अगोदर एकदा बंद पडलं होतं. निळी स्क्रीन आली. मंग व्होल्टेज वाढवलं थोडं. आता नाही पडत.

ग्यानबा: थांब, मले ओळीनं हिशोब लावू दे. अगोदर स्पीड वाढवला. तो पेलवेना, म्हनून व्होल्टेज वाढवलं. त्यानं गरमी वाढली, म्हनून गरमीची हद्दच वाढवली.

नीलिमा: तुमी असं ओळीनं सांगतलं का लयच खराब वाटते.

ग्यानबा: चौतीस वर्सं लाइनमन होतो माय. रोग म्हशीले आन इंजेक्शन पखालीले. गरमी कमी नाही केली तू, गरमी सांगनाऱ्याचं तोंड बांधलं. डीपीत, गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या फ्यूजमधी, जाड तार टाकल्यासारखं झालं हे.

नीलिमा: ते जाड तारेचं मी लहानपणापासून ऐकते. फ्यूजची बारीक तार जळते, लाइट जाते, पण डीपी वाचते. जाड टाकली का तार नाही जळत, डीपीच जळते. पाठ आहे मले.

ग्यानबा: पाठ आहे, तरी टाकली.

नीलिमा: तुमी सांगता त्या लोकायसारखी बिनअकलेची नाही मी. एका तासापुरतं आहे हे.

ग्यानबा: त्याहीचं आठ दिवसापुरतं होतं. आन लोक लोक म्हनतो मी, पन तार टाकनारा मीच होतो.

नीलिमा: तुमी?

ग्यानबा: तवा मेडशीकडं ड्युटी होती. तू चौथीत होती. गहू ओंबीवर आलेला, सगळ्यायच्या मोटरी संगंच चालू. दिवसातून पाच खेपा फ्यूज जाये, पाच खेपा मी सायकलनं जाऊन बांधो. तिथं मारोतराव म्हनून होते. चांगला मानूस, काही वंगाळ नाही त्याच्यात. मले जेवू घातलं आन म्हने, ग्यानबाजी, एकदाची जाड तार टाका, आठ दिवसायचंच पानी राह्यलं. पोट भरलं होतं, पाय दुखत होते. टाकली.

नीलिमा: मंग?

ग्यानबा: तीन दिवस सगळे खुश. चौथ्या दिवशी डीपीतून तेल उकळून बाहीर आलं. नवी डीपी येवाले बावीस दिवस लागले. गहू उभा वाळला.

नीलिमा: लोकं लय बोलले असतीन तुमाले.

ग्यानबा: कोनंच नाही बोललं. त्याहीनंच तं टाकाले लावली होती. साहेबाले मी सांगतलं, वरून जास्तीचं व्होल्टेज आलं. मारोतराव बाजूले उभे होते, तेही हो म्हनले. बोलले असते तं बरं वाटलं असतं.

नीलिमा: आईले माहीत होतं?

ग्यानबा: तिले एकटीलेच सांगतलं. तुह्या मायनं बावीस दिवस घरात बटन दाबू नाही देल्लं. म्हने, त्या गावात लाइट येईन त्या दिवशी आपुनही लावू.

नीलिमा: मले आठवते ते. कंदिलावर अभ्यास केला मी. आई म्हणे, वायर खराब झाली. मी शाळेत सगळ्यायले सांगतलं का लाइनमनच्या घरची लाइट गेली. पोरी हसल्या मले.

ग्यानबा: हसल्याच असतीन.

नीलिमा: पण बाबा, माह्या मशीननं कोणाचा गहू नाही वाळत.

ग्यानबा: आज नाही वाळत. आज पास होशीन. मंग रोजचं काम याच डब्यावर करशीन न? रोज एकशे आठ. एक दिवस मधातच बसन ते, आन त्या बाईचं काम अर्ध्यात लटकन. तवा काय सांगशीन तिले? वरून जास्तीचं व्होल्टेज आलं?

नीलिमा: तुमी मले बोलून नाही राह्यले, सोताले बोलून राह्यले.

ग्यानबा: दोघायलेही. आता सांग, जाड तार न टाकता किती पळते हे?

नीलिमा: पाच पॉइंट दोन. व्होल्टेजही कमी करता येते तेवढ्यात. परवा दिवसभर चालवून पाह्यलं. शहाऐंशीच्या वर नाही गेलं, एक खेपही नाही पडलं. पंख्याचा आवाजही येत नाही.

ग्यानबा: मंग तेच ठेवाचं नं.

नीलिमा: चौसष्ट मिनिटं लागते त्याले.

ग्यानबा: चौसष्टवर ठेव.

नीलिमा: बाबा, साठच्या आत पाहिजे. चौसष्ट म्हंजे हैदराबाद.

ग्यानबा: ऐकू आलं मले.

नीलिमा: तुमी इथं एकटे राहसान. दादा चंद्रपूरले, वर्षातून दोन खेपा येते. डोळ्यात थेंब टाकता येत नाही तुमाले, अर्धे गालावर पडते. शुगरच्या गोळ्या सकाळच्या दुपारी घेता.

ग्यानबा: गालावर पडले तं पुसून घेईन. भाकर येते मले टाकाले.

नीलिमा: आईले गेल्याले दोन वर्षंही नाही झाली. मी हे मशीन घेतलंच तुमच्यापाशी राहता यावं म्हणून. आवड म्हणून नाही.

ग्यानबा: माहीत आहे. पावने चार झाले. कर ते खाली.

*(चार वाजता फोन आला. नीलिमाने पाच पॉइंट दोन लावलं होतं. दोनशे चाळिसावं चित्र पाच वाजून चार मिनिटांनी पूर्ण झालं.)*

राखी मॅडम: चौसष्ट मिनिटं. नीलिमा, जानेवारीत तू मला छप्पन्न सांगितली होतीस.

नीलिमा: तेव्हा छप्पन्नच लागत होती, मॅडम. मेमध्ये चौसष्ट लागतात. आज सकाळी अठ्ठावन्नमध्येही केलं होतं, पण त्यासाठी प्रोसेसरची तापमानाची मर्यादा वाढवावी लागली. तसं रोज चालवलं तर कधी बंद पडेल सांगता येत नाही.

राखी मॅडम: तू तसंच चालवलं असतंस तर मला इथून कळलं नसतं.

नीलिमा: हो, मॅडम. ते माहीत होतं.

राखी मॅडम: तासाची अट सगळ्यांना सारखी आहे. तुझ्या एकटीसाठी ती मला सोडता येणार नाही. वाईट वाटतंय सांगताना.

नीलिमा: समजतं मला.

राखी मॅडम: इकडे ये. एक तारखेपासून. आणि ऐक, घरून काम करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची मशीन उन्हाळ्यात मधेच बंद पडतात. कुणी कारण सांगत नाही, सगळे लाइट गेली म्हणतात. त्यांची मशीन नीट लावून द्यायचं काम मला तुझ्याकडे द्यायचं आहे. वर्षभराने घरून कामासाठी परत अर्ज कर, तेव्हा मी पाहते.

नीलिमा: बरं, मॅडम. येते मी.

ग्यानबा: ठेवला का फोन?

नीलिमा: ठेवला. तुमी ऐकलं असंनच सगळं.

ग्यानबा: एक तारखेले किती दिवस राह्यले?

नीलिमा: अकरा.

ग्यानबा: रिसोडहून गाडी पाह्यजो. इथं मधल्या रस्त्यावर उभी नको राहू सामान घेऊन.

नीलिमा: पाहते. बाबा, एक इचारू?

ग्यानबा: इचार.

नीलिमा: मी चौसष्ट म्हणाले, आन तुमी लगेच म्हणले, ठेव. एक घडीही थांबले नाही. मी इथं राहावं असं वाटत नव्हतं का तुमाले?

ग्यानबा: वाटत होतं. तुह्यी माय गेल्यापासून दुसरं काही वाटतच नाही मले.

नीलिमा: मंग जरा इचार तरी करायचा.

ग्यानबा: इचार केला असता तं ठेव म्हनलो नसतो.