अण्णांचं पायताण

पायताण घेताना ते करकरतंय का, हे बघताच की तुम्ही. आमच्या नेसरीकडचा एक अख्खा तलाव त्या करकरीवर उभा हाय. हसू नका, ऐका.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालतं. तलावाच्या कामावर मी हजेरी घ्यायचो. बांधावर मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा, हे कंत्राटदार नेमगोंडा अण्णांचं काम. थर बघून पास करायचा, हे जोशी ओव्हरसियरांचं. त्यांचा तंबू बांधाच्या टोकालाच.

एकदा अण्णा बांधावरनं चालत तंबूत आले. "सायेब, थर झाला. चला बघायला."

जोशी चहा पीत होते. बशी खाली न ठेवताच म्हणाले, "नापास."

अण्णा भडकले. "आवो, अजून बघितला बी न्हाय की!"

"ऐकला ना. रोज तुमचं पायताण लांबूनच करकरतं. आज दारात आलात तरी आवाज नाही. माती भुसभुशीत आहे, अण्णा. आणि खाली गाव आहे."

काय कान म्हणायचा! अण्णा माघारी फिरले आणि थर पुन्हा ठोकून घेतला.

पुढं जोशींची बदली झाली. नवे सायेब आले, तरणे, घाईतले. पहिलाच थर त्यांनी उभ्या उभ्या पास केला. आम्ही खूश. अण्णा मात्र बांधावर या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालून आले.

"सायेब, तुमचं काम झालं. पण माझं पायताण अजून बोलंना. ए, उचला रं धुमस!"