चिनीचं खोकं

तुमी चहात साखर जास्त सांगितली म्हणून आठवलं बघा. माझी बहीण सुनीता हातानं चिनीमातीचे कप घडवते. आमच्या तांड्याची जुनी माणसं बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायची. तिच्या कपांवर निळ्या रंगात तेच बैल असतात, घाट मात्र दर्यापारच्या जुन्या चिनी भांड्यांचा.

नांदेडला तिचं पहिलंच प्रदर्शन होतं. आमी दोघं पुढं गेलो. कपांचं खोकं चुलतभाऊ बबन आमच्या डोंगरकडा गावाहून टेम्पोत आणणार होता. मी फोनवर बजावलं, "चिनीमातीचं हाय, जपून आण." आवाज तुटत होता. तो म्हणला, "व्हय दादा, समजलं."

टेम्पो आला. मागं कुणाची तरी फरशी भरलेली, खड्ड्यांनी तिचा पार चुरा झालेला. सुनीता त्या चुऱ्यात खोकं शोधायला लागली. मी ओरडलो, "आरं, खोकं कुठं हाय?"

बबन घोंगडीत गुंडाळलेलं खोकं लेकरावानी कडेवर घेऊन केबिनमधून उतरला.

"ओरडून काहून राहिले? चिनी हाय म्हणलात ना? मीठ असो का चिनी, आपल्या तांड्यात वझं भिजू देत असतेत का? शेजारी बसवून आणलं."

हैदराबादच्या फेऱ्या करून हा साखरेला चिनीच म्हणतो, हे मी विसरलोच होतो!

एकही कप फुटला नव्हता. सुनीतानं डोळे पुसत त्यातल्याच एका कपात त्याला चहा दिला. घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं, कपावरचे बैल बघितले आन् म्हणला, "ताई, बैल तर पोचले, पण चिनी मागंच राहिली वाटतं!"