पहिल्याच ओळीत सांगणारी

गुलाबराव : म्हंजे तो राजपुत्र लोकाइचं रक्त पेते, अन् तरी तुले तो आवडते?

मयुरी : आवडते कुठं म्हटलं, बाबा? त्याची गोष्ट कशी सांगितली आहे, ते सांगत होते. अन् पलंगाला धक्का देऊ नका, सुई दुखते.

गुलाबराव : पिशवी किती उरली ते पाह्यत होतो, माय. इकडं तुले रक्त चढून राह्यलं, अन् मोबाइलात बी रक्तच. दुसरा खेळ नाही भेटला?

मयुरी : हेच जवळचे वाटतात. दुसऱ्याच्या रक्तावर जगणारी मीही, अन् तेही.

गुलाबराव : असं अभद्र बोलू नये बाई.

मयुरी : हसा ना थोडं. थॅलेसेमियानं माझं रक्त आटवलं, हसू नाही आटवलं.

गुलाबराव : बरं, सांग. हा खेळ होय का सिनेमा? चित्र तं हालतच नाही.

मयुरी : चित्र थांबून राहते, खाली एकेक ओळ येते. ती वाचायची. मधातच गोष्ट थबकते अन् आपल्यालाच विचारते, आता तू काय करशील? आपण जे निवडू, तिकडं ती वळते.

गुलाबराव : हाव, आपल्या गोंधळासारखं. एक जण कथा लावते, अन् दुसरा संबळ थांबवून विचारते, मंग पुढं काय झालं?

मयुरी : अगदी तसंच. फक्त इथं विचारणाऱ्याच्या हातात कथेचा लगाम असते. माझ्याजवळ असे दोन खेळ आहेत. दोन्हीत रक्त पिणारी माणसं, पण सांगायची तऱ्हा दोघांची न्यारी.

गुलाबराव : कशी?

मयुरी : राजपुत्राचं सारं लपवालपवीवर चालते. बायको करून आणते, पण आपण रक्त पितो हे तिला सांगत नाही. आरशात आपलं रूप दिसत नाही म्हणून आज आरसे झाकते, उद्या खोटं कारण काढून बाहेर जाते. वाचणाऱ्याला सारखी धाकधूक, आता कळते का मग कळते. पाच शेवट आहेत त्या खेळाला. पाचही पाहिले मी.

गुलाबराव : अन्?

मयुरी : पाचहीत बायकोला दुसऱ्याच कोणाकडून कळते. चारात ती निघून जाते. पाचव्यात राहते, पण मग रात्री दिवा मालवत नाही.

गुलाबराव : ...माह्या ध्यानात आलं, तू गाडी कुठं नेऊन राह्यली ते.

मयुरी : रविवारी नांदुऱ्याचे पाहुणे मला पाहायला येणार, बाबा.

गुलाबराव : येऊ दे. लगन होऊ दे. मंग सांगू हळूहळू.

मयुरी : राजपुत्रही हेच म्हणते. हळूहळू.

गुलाबराव : तुले माह्यती नाही लोकं कसे असतात. आपल्या गावात, जानेफळात आजवर कोणाले सुगावा लागू देला काय मी? बुलढाण्याले कम्प्युटरचा कोर्स करते म्हणून सांगतलं, अन् निभावलं.

मयुरी : चौथीत होते तेव्हापासून एकच कोर्स! शेजारची सिंधूमावशी काल म्हणे, एवढ्यात तर कम्प्युटर बनवून होते.

गुलाबराव : हास तू. पण त्याच कोर्सच्या नावावर हे स्थळ आलं.

मयुरी : तेच तर. त्या दीपकला कोर्सवाली दाखवायची, अन् घरी ही सुईवाली पाठवायची?

गुलाबराव : तुले आवडला काय पोरगा?

मयुरी : माझ्या मैत्रिणीच्या, पूनमच्या लग्नात पंगतीला समोर होता. जिलेबी माझ्यापर्यंत येता येता संपली, तर आपल्या पत्रावळीतली उचलून माझ्यात ठेवली. बोलला काहीच नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

गुलाबराव : म्हंजे आवडला.

मयुरी : आवडला म्हणूनच, बाबा. दुसरा कोणी असता तर कदाचित मीही गप राहिले असते.

गुलाबराव : ...तो दुसरा खेळ कसा होय?

मयुरी : त्यात एक बाई आहे. डोंगरातल्या लॉजची मालकीण. रक्तावर जगणारीच. भर पावसात एक पाहुणा येते, अन् ती पहिल्याच ओळीत सांगते, मी अशी अशी आहे. दार उघडं आहे. थांबायचं तर थांब, जायचं तर जा.

गुलाबराव : सांगूनच टाकलं, मंग गोष्टीत उरलं काय?

मयुरी : सारंच उरलं ना! तिला ऊन सोसत नाही, तर पडदे कोणत्या खिडकीला लावायचे, त्याचं जेवण निराळं, तिचं निराळं, तरी एका ताटाशी कसं बसायचं, कोणाला कधी राग येते. पहिल्या खेळात नुसतं भेव आहे. दुसऱ्यात घर आहे.

गुलाबराव : अन् तो पाहुणा उठून चालला गेला तं?

मयुरी : जाऊ शकते. तेही निवडता येते. पाहिलं एकदा निवडून.

गुलाबराव : मंग?

मयुरी : रात्रभर रडते ती. अन् सकाळी उठून दार उघडते.

गुलाबराव : दीपकच्या बापाचा, त्या वामनरावचा नंबर लाव.

(फोनची घंटी जाते. स्पीकर चालू.)

वामनराव : बोला गुलाबराव! रविवारचं पक्कं ना?

गुलाबराव : हाव, हाव. पक्कंच. तुमच्याकडं कपाशी कशी काय आहे औंदा?

वामनराव : कपाशीसाठी फोन केला काय भरदुपारी?

गुलाबराव : नाही... म्हंजे... पोरीलेच बोलाचं होतं. घे माय.

मयुरी : नमस्कार काका. मी मयुरी. मी कोर्स नाही करत. बुलढाण्याला दवाखान्यात येते, रक्त घ्यायला. थॅलेसेमिया आहे मला, जन्मापासून. रक्त जन्मभर लागेल. अन् दीपकच्याही रक्ताची तपासणी करावी लागेल, पुढं लेकराबाळांसाठी. हे ऐकून यायचं वाटलं तर या. नाही वाटलं, तर आमचा राग नाही.

गुलाबराव : वामनराव? हाय ना लायनीवर?

वामनराव : हाओ जी. पोरी, आता, या घडीले चढून राह्यलं काय तुले रक्त?

मयुरी : हो काका.

वामनराव : दुखते?

मयुरी : सुई टोचते तेवढंच.

वामनराव : हे पाह्य. दीपकच्या मायले अन् दीपकले विचारल्याबिगर मी हो म्हणत नाही. नाही बी म्हणत नाही. पण तू पालक खात जाय. रक्ताले लय चांगली. आमच्या वावरात वाफाच हाय.

मयुरी : पालक नाही चालत, काका. बाहेरच्या रक्तानं अंगात आधीच लोह साचते. वरून पालक नको म्हणतात.

वामनराव : असं होय? मंग काय चालते?

मयुरी : जेवणासोबत चहा घ्यायला सांगतात. त्यानं जेवणातलं लोह अंगात कमी मुरते.

वामनराव : जेवणासंग चाय?

मयुरी : हो. बिनदुधाचा.

वामनराव : बरं... थांब जरा, दीपकच्या मायले हाक मारतो. हे तिले तूच नीट समजावून सांग.